लाल दोरी जमिनीपर्यंत पोचते का? आईवडिलांसाठी ज्येष्ठ निवास निवडताना

ज्येष्ठांच्या निवासात बाथरूममध्ये बहुधा एक लाल दोरी लोंबत असते. ती ओढली की कर्मचाऱ्यांच्या खोलीत घंटा वाजते. आईसाठी बघितलेल्या तिसऱ्या जागी ही दोरी छान गुंडाळून, गाठ मारून खांद्याच्या उंचीवर अडकवलेली होती. असं का, म्हणून विचारलं तर सोबतचे व्यवस्थापक म्हणाले, "फरशी पुसताना ओली होते हो. घाण दिसते मग."

आता बाथरूममध्ये घसरलेला माणूस फरशीवर पडलेला असणार. त्याचा हात खांद्याएवढ्या उंचीवर पोचत असता तर त्याला दोरीची गरजच कशाला पडली असती? ती जमिनीला टेकायच्या बेतात असायला हवी, एवढं तिथे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. किंवा आलं असेल, पण पोछा मारणाऱ्याची सोय वरचढ ठरली असेल. स्वागतकक्ष मात्र देखणा होता आणि बागेत कारंजं होतं.

त्यानंतर ताई आणि मी मिळून बऱ्याच जागा पालथ्या घातल्या. हळूहळू ध्यानात आलं की आपण बघायला जातो इमारत, पण महिन्याच्या महिन्याला पैसे भरणार असतो ते माणसांच्या वेळेचे. आणि त्या माणसांचा कस लागतो तो सकाळी अकराला पाहुणे आलेले असताना नव्हे, रात्री अडीचला.

पाटीवरच्या नावात फार अडकू नका

ज्येष्ठ निवास, सीनियर लिव्हिंग, असिस्टेड लिव्हिंग, केअर होम, वृद्धाश्रम. या नावांवरून आत नेमकं काय मिळतं ते कळत नाही. ढोबळमानाने चार प्रकार धरता येतात. काही ठिकाणी माणूस स्वतंत्र राहतो, किल्ली त्याच्याच हातात असते, फक्त स्वयंपाक, साफसफाई, दुरुस्ती यांची कटकट दुसरं कोणीतरी बघतं. काही ठिकाणी आंघोळ, कपडे, औषधं यांत मदत मिळते. तिसरा प्रकार शुश्रूषेचा, तिथे चोवीस तास नर्स असते आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसालाही सांभाळतात. याला इंग्रजीत नर्सिंग होम म्हणतात आणि मराठीत नर्सिंग होम म्हणजे छोटं खासगी हॉस्पिटल, त्यामुळे फोनवरच्या पहिल्याच चौकशीत घोळ होतो. चौथा प्रकार स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठीचा. काही मोठ्या संकुलांत हे सगळे प्रकार एकाच आवारात असतात आणि तब्येत उतरेल तसा माणूस एका भागातून दुसऱ्या भागात हलतो.

"आमच्याकडे सगळी काळजी घेतली जाते" हे वाक्य तुम्हाला प्रत्येक ठिकाणी ऐकायला मिळेल. त्याला काडीचाही अर्थ नाही. कोणती कामं, कोण, दिवसातून किती वेळा करतं, आणि ती महिन्याच्या रकमेत धरलेली आहेत की वरून, एवढं लिहून मागा.

आधी घरातला हिशेब

जागा शोधण्याआधी माणसाला आज काय जमतं आणि काय जमत नाही ते नीट बघायला हवं. यासाठी डॉक्टर मंडळी वापरतात त्या दोन जुन्या याद्या घरच्यांनाही उपयोगी पडतात. सिडनी कॅट्झ या अमेरिकन डॉक्टरांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर १९६३ मध्ये सहा कामांची यादी प्रसिद्ध केली: आंघोळ, कपडे घालणं, शौचाला जाणं, खाटेवरून खुर्चीत आणि खुर्चीतून खाटेवर जाणं, लघवी-शौचावर ताबा, आणि हाताने जेवणं. त्यांना असं दिसलं की ही कामं हातून सुटतात तीही साधारण एका क्रमाने. आंघोळ सर्वांत आधी सुटते, जेवणं सर्वांत शेवटी.

दुसरी यादी लॉटन आणि ब्रॉडी यांची, १९६९ची. तिच्यात फोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, औषधं आणि पैशांचे व्यवहार अशी आठ कामं येतात. घसरण बहुतेक वेळा या दुसऱ्या यादीपासून सुरू होते. बिल दोनदा भरलं जातं, नाहीतर रविवारची गोळी बुधवारीही डबीत तशीच असते.

हे तपासायला प्रश्न विचारून भागत नाही. आईला मी फोनवर विचारायचे, "आंघोळ जमते ना गं?" त्यावर ती, "मग काय, रोज करते की." सलग तीन दिवस तिच्याकडे राहिले तेव्हा दिसलं की दोरीवरचा तिचा टॉवेल कोरडाच असतो. बाथरूमच्या ओल्या फरशीवर पाय टाकायची तिला भीती बसली होती, म्हणून ती बेसिनपाशी उभी राहून अंग पुसून घ्यायची. तिच्या लेखी ती आंघोळच होती. खोटं बोलत नव्हती बिचारी.

चालण्यासाठी एक सोपी चाचणी घरीच करता येते. खुर्चीतून उठायचं, नेहमीच्या चालीने तीन मीटर जायचं, वळून परत यायचं आणि बसायचं. बारा सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं अमेरिकेची सीडीसी ही आरोग्यसंस्था मानते. आईला एकोणीस लागले. चाचणी करताना शेजारी कोणीतरी उभं राहा.

आता एक गोष्ट, जी मला कोणी आधी सांगितली असती तर दोन महिने वाचले असते. जागा आजच्या तब्येतीला साजेशी बघू नका, आजच्यापेक्षा एक पायरी खाली उतरलेल्या तब्येतीला साजेशी बघा. आज आई काठी टेकत स्वतः बाथरूमला जाते. उद्या तिला उठवायला एक माणूस लागेल, परवा दोन. तेव्हा ही जागा काय करणार? सरळ विचारा, "कोणत्या अवस्थेत तुम्ही आम्हाला सांगाल की आता त्यांना इथून घेऊन जा?" प्रत्येक जागेची अशी एक रेषा असते. कोणी म्हणतं, दोघांनी उचलावं लागलं तर आम्हाला झेपत नाही. कोणी म्हणतं, रात्री भटकायला लागल्या तर. कुठे नळीने अन्न द्यायची वेळ आली की ही रेषा येते. जी जागा आपली रेषा स्पष्ट सांगते ती मला जास्त भरवशाची वाटते. "तशी वेळच येऊ देणार नाही" म्हणणाऱ्यांनी आमचं मन मात्र लगेच जिंकलं होतं, हेही कबूल करते.

तीन माणसांमागे एक कर्मचारी म्हणजे नक्की किती?

माहितीपत्रकात हे गुणोत्तर मोठ्या अक्षरांत असतं. समजा साठ रहिवासी आहेत आणि वीस काळजीवाहक नोकरीला आहेत. झाला की तिघांमागे एक! पण साप्ताहिक सुट्ट्या, रजा, आजारपणं वजा केली तर एखाद्या दिवशी कामावर पंधरा-सोळा जण असतील. ते तीन पाळ्यांत वाटले जाणार. सकाळी आंघोळी, नाश्ता, डॉक्टरांची फेरी, म्हणून सात-आठ जण तेव्हाच खर्ची पडतात. दुपार-संध्याकाळला पाच-सहा. उरले दोन किंवा तीन, ते रात्री. म्हणजे रात्री वीस-तीस माणसांमागे एक, आणि त्यातला एक जण कोणाचं अंथरूण बदलत असेल तर उरलेल्या मजल्यावर कोणीच नाही.

म्हणून असं विचारा: "रात्री दोन वाजता या इमारतीत जागे असलेले किती जण असतात?" जागे हा शब्द महत्त्वाचा आहे. आवारात झोपलेला कर्मचारीही कागदावर ड्यूटीवरच असतो. नर्स आत असते की फोनवर उपलब्ध असते? घंटा वाजल्यापासून माणूस पोचेपर्यंत किती वेळ लागतो याची नोंद ठेवता का? अनेक यंत्रणांत ती आपोआप होते, दाखवायची की नाही एवढाच प्रश्न उरतो.

दुसरी चौकशी टिकून राहण्याची. व्यवस्थापकाला विचारू नका, जिन्यात भेटलेल्या मावशींना विचारा, "किती वर्षं आहात इथे?" तीन-चार जणींकडून "दोन महिने झाले" असं ऐकू आलं तर सावध व्हा. ओळखीच्या माणसाचं मोल वेगळंच असतं. म्हाताऱ्या माणसाला लघवीचा किंवा छातीचा संसर्ग झाला तर कित्येकदा ताप येत नाही. एकाएकी असंबद्ध बोलणं, दिवसा गुंगी, जेवणाकडे पाठ, अशी सुरुवात होते. याला डॉक्टर डिलिरियम म्हणतात आणि तो तातडीने बघायचा आजार असतो. नव्या माणसाला वाटतं, वयच झालंय. सहा महिने रोज वेणी घालणाऱ्या बाईला मात्र लगेच कळतं की आज्जी आज नेहमीसारख्या नाहीत.

पडण्याबद्दल एक उलटं वाटेल असं सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७च्या अहवालानुसार पासष्टीपुढच्या माणसांपैकी २८ ते ३५ टक्के जण दरवर्षी एकदा तरी पडतात. मग "आमच्याकडे कोणी पडतच नाही" असं कोणी सांगितलं तर एकतर नोंद होत नसावी, नाहीतर माणसांना खुर्चीत बसवून ठेवत असावेत. बसवून ठेवलेल्या माणसाचे स्नायू झपाट्याने जातात आणि मग तो खरंच पडतो. मागच्या वेळी कोणी पडलं तेव्हा पुढच्या तासाभरात काय काय केलं, ते विचारा. चांगल्या जागी याचं उत्तर तपशिलासकट येतं: डोक्याला मार बसला का ते बघितलं, घरी कळवलं, कोणती गोळी चालू आहे ती तपासली, खाटेची उंची बदलली.

गोळ्यांवरून आठवलं. स्मृतिभ्रंशातला आरडाओरडा किंवा भटकणं थांबवायला मनोविकाराची (अँटिसायकोटिक) औषधं दिली जातात. अशा वृद्धांमध्ये या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक चौकटीतला इशारा अमेरिकेच्या एफडीए या औषधांवर देखरेख करणाऱ्या संस्थेने २००५ मध्ये यातल्या नव्या पिढीच्या औषधांवर आणि २००८ मध्ये जुन्यांवर छापायला लावला. ती कधीच देऊ नयेत असं नाही. पण ती कोण ठरवतं, घरच्यांना विचारतात का, आणि दर किती दिवसांनी बंद करून बघतात, हे ठाऊक असायला हवं. दिवाणखान्यात दुपारी चारला सगळे खुर्चीत मान टाकून झोपलेले दिसले तर हा प्रश्न पहिला विचारा.

भेटीला कधी जायचं, काय बघायचं

पहिली भेट त्यांच्या वेळेवर, दुसरी न कळवता. शक्यतो संध्याकाळी जेवणाच्या सुमाराला किंवा सुट्टीच्या दिवशी. गेल्यावर फिरू नका, एका जागी तासभर बसा. आम्ही एका ठिकाणी असंच बसलो होतो. समोरच्या आजोबांचा चष्मा बोटांच्या ठशांनी इतका धुरकट झाला होता की त्यांना आम्ही नीट दिसत तरी होतो का, कोण जाणे. पाण्याचा ग्लास टेबलावर होता, पण त्यांच्या हातापासून दीड हात लांब. ताईने उठून ग्लास सरकवला. त्यांनी तो एका दमात संपवला. त्या जागेचं नाव आम्ही तिथेच यादीतून खोडलं.

चष्मा, नखं, कानातल्या यंत्राची बॅटरी, हाताशी पाणी. मी या चारच गोष्टी बघायला लागले. वासही सांगतो, पण थोडा वेळ लघवीचा वास येणं आणि तो भिंतींत मुरलेला असणं, यांत फरक आहे. उग्र सुगंधी फवारा मारलेला असेल तर मला जास्त शंका येते. कर्मचारी खोलीत शिरताना दार वाजवतात का, "आज्जी, आता तुम्हाला कुशीवर वळवते हं" असं माणसाशी बोलतात का, की माणसाच्या डोक्यावरून आपसात बोलतात, तेही कान देऊन ऐका.

खोलीबद्दल फार लिहीत नाही. चाकाच्या खुर्चीसाठी दारं रुंद हवीत, म्हणजे दार उघडल्यावर निदान ८० सेंटिमीटर मोकळी जागा. उतार एकास बारा, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. उंबरे नकोत. खाटेवरून बाथरूम दिसावं आणि वाटेत रात्रभर दिवा असावा. बाकी पडद्यांचे रंग वगैरे तुमचं तुम्ही बघा.

स्वतःच्या दिवसावर हुकूम कोणाचा

एलेन लँगर आणि जुडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या एका शुश्रूषागृहात केलेला आणि १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग या विषयात सारखा सांगितला जातो. एका मजल्यावरच्या रहिवाशांना सांगितलं की तुमच्या खोलीची मांडणी, तुमचा वेळ, हे तुम्ही ठरवायचं. त्यांना आवडेल ते रोप निवडू दिलं आणि त्याची निगाही त्यांच्याकडेच दिली. दुसऱ्या मजल्यावर रोप मिळालं, पण पाणी नर्स घालणार होती, आणि सूर असा होता की सगळं आम्ही बघू, तुम्ही काळजी करू नका. पहिल्या मजल्यावरचे लोक नंतर जास्त उत्साही आणि हालते दिसले. दीड वर्षानंतरच्या मृत्यूंचे आकडेही छापून आले आणि ते खूप गाजले, पण पुढे त्या हिशेबात दुरुस्ती करावी लागली. म्हणून त्या आकड्यांवर मी भर देत नाही. रोपाची गोष्ट मात्र पटते, कारण "तुम्ही काहीच काळजी करू नका" हे वाक्य आपणही आईवडिलांना किती प्रेमाने ऐकवतो!

तेव्हा विचारा: उठायची वेळ कोण ठरवतं? आंघोळ सकाळीच करायची का? खोलीला आतून कडी लावता येते का? रात्री अकराला चहा हवा झाला तर? स्मृतिभ्रंश असला तरी हे प्रश्न संपत नाहीत. नेदरलँड्समध्ये वेस्प या गावी २००९ मध्ये सुरू झालेल्या होखेवेक या वस्तीत गंभीर स्मृतिभ्रंशाची माणसं लहान लहान घरांत, आपल्यासारखी राहणी असलेल्यांच्या सोबतीने राहतात. आवारात रस्ते, चौक, दुकान आहे आणि माणसं त्यात मोकळेपणी फिरतात, बाहेर पडायचं दार तेवढं राखलेलं. असं काही तुम्हाला बहुतेक मिळणार नाही. पण भटकणाऱ्याला कोंडून ठेवता की फिरायला सुरक्षित वाट देता, हा प्रश्न कुठेही विचारता येतो.

कागद

खोली विकत घेताय, भाड्याने घेताय, की ठेव भरून फक्त राहण्याचा हक्क मिळवताय, हे आधी स्पष्ट करा. तिन्हींत बाहेर पडतानाचा हिशेब वेगवेगळा असतो. ठेव परत कधी मिळते? खोली रिकामी केल्यावर, की दुसरा रहिवासी मिळाल्यावर? या दुसऱ्या अटीत पैसे कितीही काळ अडकू शकतात. माणूस महिनाभर हॉस्पिटलात असेल तर जेवणाचे आणि काळजीचे पैसे कापतात का? दरवर्षी किती वाढ, आणि त्याला वरची मर्यादा आहे का?

सगळ्यांत जास्त फसगत काळजीच्या पातळीवरून होते. सुरुवातीचा दर सर्वांत खालच्या पातळीचा सांगतात. दोन महिन्यांनी तपासणी होते आणि आई वरच्या पातळीत जाते. ती तपासणी कोण करतं, तुम्हाला दाद मागता येते का, आणि प्रत्येक पातळीचा दर काय, हे करारावर हवं. आम्ही घरी एका कागदावर दहा वर्षांचा हिशेब मांडला: पहिली तीन वर्षं खालची पातळी, पुढची चार मधली, उरलेली वरची, त्यात दरवर्षीची वाढ. आकडा बघून ताईने पेन खाली ठेवलं. पण नंतर कळण्यापेक्षा तेव्हाच कळलेलं बरं.

आईला कसं सांगायचं

बहुतेक घरांत हा निर्णय हॉस्पिटलातून सुट्टी मिळायच्या आदल्या दिवशी होतो आणि मग जिथे खाट रिकामी असेल तिथे माणूस जातो. त्याआधी बोलायला हवं, हे सगळ्यांना कळतं. जमत नाही, कारण समोरून येणारं वाक्य माहीत असतं. आईनेही तेच विचारलं, "मला टाकताय का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ताई म्हणाली, "आई, तुला बाथरूमची भीती वाटते ना? तेवढ्यापुरतं बोलू." मग आई बोलायला लागली. पडली तर रात्रभर तशीच पडून राहीन, ही धास्ती तिला वर्षभर होती. तिने ती आमच्यापासून लपवली होती, कारण सांगितलं तर आम्ही हेच करू, हे तिला ठाऊक होतं.

"तुला कधीच कुठे पाठवणार नाही" असं वचन देऊ नका. ते मोडावं लागलं तर दोघांनाही झेपत नाही. दोन जागा निवडा आणि त्यांतली कुठली, हे त्यांना ठरवू द्या. बऱ्याच ठिकाणी दोन-चार आठवडे राहून बघायची सोय असते. ती घ्या, पण पहिल्या आठवड्यावरून मत बनवू नका. जागा बदलली की झोप, भूक, मन सगळंच काही काळ बिघडतं.

सामान हलवताना नवं काही घेऊ नका. तिची जुनी खुर्ची, जुना दिवा, जुनी चादर. घरी ज्या बाजूने ती खाटेवरून उतरायची त्याच बाजूला बाथरूम येईल अशी खाट लावा. रात्री अर्धवट झोपेत पाय सवयीनेच पडतात.

मी एक कागद लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. त्यावर तिला काय म्हणून हाक मारलेली आवडते, डाव्या कानाने ऐकू येत नाही तेव्हा उजवीकडून बोला, गोळी पाण्याबरोबर एकेक द्या, एकदम नको, दार बंद केलेलं चालत नाही, असं दहा-बारा ओळींत. तीन आठवड्यांनी गेले तेव्हा खाली पेन्सिलने एक ओळ वाढवलेली होती, रात्रपाळीच्या मावशींच्या हातची: "दोन वाजता उठतात. आधी दिवा लावावा, मग हाक मारावी." आई रात्री दोनला उठते हे मला माहीत नव्हतं.